विश्लेषण : स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला घरात आराम द्यायचा की काम?

औषधांच्या चिठ्ठीपलीकडे, रुग्णाच्या आवडीप्रमाणे आणि शिल्लक क्षमतेप्रमाणे बेतलेले घरगुती उद्योग स्मृतिभ्रंशात उपयोगी पडतात का? संशोधन काय सांगते, गोव्यात काय करून पाहिले गेले आणि यातून सुना-मुलींवरचे ओझे हलके होईल की वाढेल?

समजा, एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक आहेत. वय ७६. तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचे निदान झाले. सकाळ बरी जाते. दुपारचे चार वाजले की ते उठतात, चपला शोधतात आणि दाराची कडी काढू लागतात. ‘गाडी लागली असेल, निघायला हवं.’ सून सांगते, ‘अण्णा, तुम्ही रिटायर होऊन अठरा वर्षं झाली.’ ते दोन मिनिटे बसतात, पुन्हा उठतात. हा संवाद दिवेलागणीपर्यंत तीस-चाळीस वेळा होतो. शेवटी दाराला कुलूप लागते, अण्णा दार बडवतात, सून स्वयंपाकघरात जाऊन रडते आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे एकच मागणी होते, ‘काहीतरी झोपेचं द्या.’

अण्णा काल्पनिक आहेत. पण ज्या घरात असा रुग्ण आहे, त्या घराला यातले काहीच नवे वाटणार नाही. प्रश्न असा आहे की, साडेतीन वाजताच अण्णांसमोर सुट्ट्या नाण्यांचा डबा, एक ट्रे आणि कोरा कागद ठेवून ‘अण्णा, आजचा हिशोब तेवढा लावून देता का?’ असे विचारले असते तर? ते दारापर्यंत गेले असते का? वैद्यकीय संशोधनात गेली सुमारे दोन दशके याच प्रश्नाची पद्धतशीर तपासणी सुरू आहे.

रुग्ण किती आणि कुठे?

‘लासी-डॅड’ या देशव्यापी अभ्यासावर आधारित २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. संख्येत सांगायचे तर सुमारे ८८ लाख. २०१० मध्ये ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’च्या अहवालात हा आकडा ३७ लाख होता. पद्धती वेगळ्या असल्याने दोन्हींची थेट तुलना करता येत नाही, पण प्रश्न केवढा मोठा आहे ते कळायला तेवढे पुरेसे आहे.

या अभ्यासातले दोन तपशील शहरी समजुतीला धक्का देणारे आहेत. एक, महिलांमध्ये हे प्रमाण सुमारे ९ टक्के, तर पुरुषांमध्ये ५.८ टक्के आहे. दुसरे, ग्रामीण भागात ते ८.४ टक्के आणि शहरांत ५.३ टक्के आहे. म्हणजे हा ‘फ्लॅटमध्ये एकटे पडलेल्या पेन्शनरांचा’ आजार नाही. तो वाडीवस्तीवर, जिथे न्यूरॉलॉजिस्ट तर सोडाच, निदान करणारेही कुणी नाही, तिथे अधिक आहे. तिथे त्याला ‘म्हातारचळ’ म्हणतात आणि विषय संपतो.

आणि हे रुग्ण राहतात घरातच. खास केंद्रे मोजकी, तीही बहुतांश मोठ्या शहरांत आणि मध्यमवर्गाला महिनोन्महिने न परवडणारी. त्यामुळे स्मृतिभ्रंशाची काळजी म्हणजे प्रत्यक्षात घरातल्या कुणातरी एका व्यक्तीचा दिवस आणि रात्र. ती व्यक्ती बहुतेक वेळा बाई असते.

‘बेतलेले उद्योग’ म्हणजे नेमके काय?

या विषयातला सर्वाधिक अभ्यासलेला कार्यक्रम अमेरिकेतील संशोधक लॉरा गिटलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केला. ‘टेलर्ड ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम’, संक्षेपाने ‘टॅप’. नाव साधे आहे आणि कल्पनाही साधीच आहे. शिंपी माप घेऊन कपडा शिवतो तसे रुग्णाचे माप घेऊन उद्योग बेतायचे.

माप घेण्याचे काम व्यवसायोपचार तज्ज्ञ म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट करतो. मूळ चाचणीत चार महिन्यांत आठ संपर्क होते, बहुतेक घरी येऊन. सुरुवातीच्या भेटींत तज्ज्ञ घरच्यांशी बोलतो. ही व्यक्ती आयुष्यभर काय करत होती, कशात रमायची, कशाने चिडायची, दिवस कसा जातो, सगळ्यात जड वेळ कोणती. मग रुग्णाची क्षमता पाहतो. त्यासाठी चामड्याच्या तुकड्याला दोरीने टाके घालायला लावणारी एक चाचणीही वापरतात. रुग्ण सूचना ऐकून टाका घालतो, की करून दाखवल्यावर, की नुसता तुकडा हातात धरून बसतो, यावरून त्याला कशा प्रकारची मदत लागेल याचा अंदाज येतो.

त्यानंतर साधारण तीन उद्योग ठरतात आणि प्रत्येकाची लेखी चिठ्ठी घरच्यांना मिळते. औषधाच्या चिठ्ठीसारखीच, फक्त अधिक तपशिलाची. कोणते साहित्य, कुठे बसवायचे, किती वेळ, सुरुवात कोणत्या वाक्याने करायची, अडले तर काय करायचे आणि काय बोलायचे नाही. घरच्यांना ते करून दाखवले जाते, त्यांच्याकडून करून घेतले जाते. त्यांनी स्वतःचा ताण कसा उतरवायचा हेही शिकवले जाते. शेवटच्या टप्प्यात, आजार पुढे सरकला की हाच उद्योग आणखी सोपा कसा करायचा, हे सांगितले जाते.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करायला हवी. हा बुद्धीचा व्यायाम नाही. शब्दकोडी सोडवून स्मरणशक्ती परत आणण्याचा दावा यात नाही. आजार थांबत नाही. उद्दिष्ट एवढेच की, आज शिल्लक आहे त्या क्षमतेत माणसाचा दिवस रिकामा जाऊ नये आणि त्या रिकामपणातून येणारी चिडचिड, येरझारा, तोच तो प्रश्न कमी व्हावा.

आठवण गेली, मग हात कसे चालतात?

सकाळी काय खाल्ले हे न आठवणाऱ्या आजी फुलवाती मात्र एकसारख्या वळतात, याचे घरच्यांना नवल वाटते. कधीकधी संशयही येतो. ‘सोयीचं तेवढं बरं आठवतं’, असे टोमणे अनेक घरांत मारले जातात. हा टोमणा अन्यायाचा आहे.

मेंदूत स्मरणशक्तीचे एकच कपाट नसते. काल काय घडले, कोण येऊन गेले, ही प्रसंगांची आठवण साठवण्यात हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो आणि अल्झायमरचा घाला सुरुवातीलाच तिथे पडतो. हातांना लागलेल्या सवयी, म्हणजे लाटणे, विणणे, घडी घालणे, नोटा मोजणे, सायकल चालवणे, यांची आठवण मेंदूतल्या वेगळ्या भागांवर अवलंबून असते. ते भाग तुलनेने उशिरा बिघडतात. म्हणून ‘काय’ विसरले तरी ‘कसे’ बराच काळ टिकते.

बिघडते ती आणखी एक गोष्ट, जी बाहेरून आळसासारखी दिसते. एखादे काम स्वतःहून सुरू करणे आणि त्याच्या पायऱ्या क्रमाने लावणे. ‘आई, भाजी कर’ या तीन शब्दांत डझनभर पायऱ्या दडलेल्या असतात. भाजी काढा, निवडा, धुवा, चिरा, गॅस पेटवा, फोडणी करा. यातली एक जरी सुटली तरी सगळे फसते आणि रुग्ण काम सोडून उठतो. पण निवडायची मेथी ताटात घालून समोर ठेवली, पहिली दोन पाने खुडून दाखवली आणि पुढे काहीच सांगितले नाही, तर हात आपोआप चालू लागतात. पायऱ्या एकावर आल्या, सुरुवात दुसऱ्याने करून दिली.

यंत्राच्या भाषेत बोलायचे तर इथे यंत्र दुरुस्त होत नाही, भार कमी-जास्त होतो. भार क्षमतेपेक्षा जास्त झाला तर माणूस चिडतो, फारच कमी झाला तर कंटाळतो आणि येरझारा घालतो. घरचे लोक बहुधा एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकाला जातात. आधी पूर्ण स्वयंपाकाची अपेक्षा, आणि एकदा दूध उतू गेले की, ‘तुम्ही फक्त बसा.’

घरात हे कसे दिसते?

पुन्हा अण्णांकडे. त्यांच्यासाठी चार वाजता काय करायचे हे ठरवताना ‘वृद्धांसाठी उपक्रम’ असा शोध घेऊन काही हाती लागणार नाही. चित्रे रंगवायला दिली तर ते वही बाजूला सारतील. रंगपेटी त्यांच्या आयुष्यात कधी नव्हतीच. त्यांच्या आयुष्यात होते ते तिकिटांचा ट्रे, पंच, सुटे पैसे, वे-बिल आणि डेपोत पैसे जमा करतानाची धाकधूक.

म्हणून नाण्यांचा डबा. एक, दोन, पाच आणि दहाच्या नाण्यांचे ढीग. टेबल भिंतीकडे तोंड करून आणि दाराकडे पाठ करून, कारण दार दिसले की निघायची आठवण होते. टीव्ही बंद. टेबलावर दुसरे काही नाही. सुरुवात साडेतीनला, बेचैनी सुरू होण्याच्या आधी, नंतर नव्हे. वाक्य आज्ञेचे नाही, मदत मागण्याचे. ‘अण्णा, हे मला जमत नाहीये, जरा बघता का?’ बेरीज चुकली तर चुकू द्यायची. दहाच्या ढिगात दोनचे नाणे गेले तर जाऊ द्यायचे. हिशोब आज जुळला नाही म्हणून कुठल्याही डेपोत कुणाच्या पगारातून कापले जाणार नाही.

हा शेवटचा मुद्दा घरच्यांना सर्वांत कठीण जातो. मराठी घरात काम म्हटले की ते नीट व्हायला हवे. सासूबाईंनी निवडलेल्या तांदळात खडे राहिले की सून पुन्हा निवडायला घेते, आणि तेही त्यांच्यासमोर. एवढ्याने पुढच्या वेळेस सासूबाई ताट हातात घेत नाहीत. त्यांना प्रसंग आठवत नाही, पण कमीपणाची भावना मागे उरते. तांदूळ पुन्हा निवडायचेच असतील तर त्या झोपल्यावर निवडावेत.

आजार वाढेल तसे काम बदलते. आज मोजणी, सहा महिन्यांनी फक्त दोन प्रकारची नाणी वेगळी करणे, त्यानंतर डब्यात टाकणे आणि तो आवाज ऐकणे. शिवणकाम करणाऱ्या बाईंना आधी बटणे लावायला, मग चिंध्या रंगाप्रमाणे लावायला आणि शेवटी मऊ गोधडीच्या कडा चाचपत बसायला देता येते. सुतारकाम केलेल्या माणसाला करवत नको, पण लाकडाचा गुळगुळीत तुकडा आणि पॉलिश पेपर चालतो. भजनी मंडळात पन्नास वर्षे टाळ वाजवलेल्याच्या हातात टाळ द्यायला कुठल्याच तज्ज्ञाची गरज नाही, फक्त कुणाला तरी ते सुचायला हवे.

आणि धोके? आहेत. जे रुग्ण वस्तू तोंडात घालू लागले आहेत त्यांच्यासमोर नाणी, मणी, बटणे ठेवायची नाहीत. त्यांना घडी घालायला नॅपकिन द्यावेत. मटाराच्या शेंगा सोलतानाही दाणा घशात अडकण्याची भीती असेल तर शेजारी कुणी बसायला हवे. सुरी, गॅस, इस्त्री यांच्याबद्दल वेगळे सांगायला नको.

पुरावा किती भक्कम?

इथे उत्साहाला थोडा आवर घालावा लागतो.

‘टॅप’ची पहिली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत रुग्ण आणि देखभाल करणारी व्यक्ती अशा ६० जोड्या होत्या. चार महिन्यांनंतर, सतत मागे मागे फिरणे आणि तेच तेच विचारणे या दोन गोष्टी स्पष्टपणे कमी झालेल्या दिसल्या. घरच्यांचे ‘ड्युटीवर’ असण्याचे तास घटले. खर्चाचा हिशेबही २०१० मध्ये मांडला गेला. देखभाल करणाऱ्याचा प्रत्यक्ष कामाचा दिवसातला एक तास वाचवायला रोजचे २.३७ डॉलर आणि पहाऱ्याचा एक तास वाचवायला १.१० डॉलर. माजी सैनिकांच्या १६० कुटुंबांवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही कार्यक्रम संपतानाचे फायदे दिसले.

पण त्यानंतरच्या, २५० जोड्यांच्या मोठ्या चाचणीचा निकाल २०२१ मध्ये आला तेव्हा मुख्य कसोटीवर, म्हणजे रुग्णाच्या अस्वस्थतेवर आणि आक्रमकतेवर, दोन गटांत फरक दिसला नाही. तुलनेच्या गटालाही आजाराची माहिती आणि घरातील सुरक्षिततेचा सल्ला मिळत होता. रोजच्या व्यवहारातली क्षमता आणि घरच्यांची उमेद व आत्मविश्वास यांत मात्र ‘टॅप’ सरस ठरला.

घरी राहणाऱ्या रुग्णांसाठीच्या बेतलेल्या उद्योगांचा ‘कोक्रेन’ने २०२० मध्ये घेतलेला आढावा आणखी सावध आहे. निकषांत बसणारे पाच अभ्यास, मिळून २६२ सहभागी. त्रासदायक वागणूक कमी होऊ शकते, जीवनमान किंचित सुधारू शकते. नैराश्यावर आणि घरच्यांवरच्या ओझ्यावर फारसा परिणाम नसावा. आणि या सगळ्या निष्कर्षांची खात्री कमी दर्जाची.

शिवाय या चाचण्यांत एक अडचण अंगभूत आहे. गोळीच्या चाचणीत साखरेची गोळी देऊन रुग्णाला अंधारात ठेवता येते. घरी आठ वेळा येऊन गेलेली बाई कुणापासून लपवणार? आणि रुग्ण किती चिडला याची नोंद देणारी व्यक्तीही तीच, जिला मदत मिळाली. मदत मिळालेल्या माणसाला तोच त्रास कमी वाटू शकतो.

मग हे सोडून द्यावे का? नाही, कारण पर्यायही पाहावा लागतो. आक्रमकतेवर सर्रास दिल्या जाणाऱ्या काही मनोविकारविरोधी औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच वेष्टनावर छापायला लावला. अलीकडे गाजावाजा झालेली लेकॅनेमॅब, डोनानेमॅब ही औषधे फक्त अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहेत. ती आजाराचा वेग कमी करतात, तो उलटवत नाहीत, आणि त्यांना मेंदूच्या वारंवार एमआरआयची देखरेख लागते. अण्णांच्या चार वाजताच्या बेचैनीवर त्यांच्याकडे उत्तर नाही. अशा वेळी कमी खात्रीचा पण कमी धोक्याचा उपाय आधी करून पाहणे हे शहाणपणाचेच आहे. फक्त तो ‘रामबाण’ म्हणून विकला जाऊ नये, आणि सध्या ‘मेमरी केअर’च्या नावाखाली तसे विकणाऱ्यांची कमतरता नाही.

गोव्यात काय झाले?

या सगळ्याला भारतात तज्ज्ञ कुठून आणायचे, हा आक्षेप रास्त आहे. त्याला गोव्याने दीड दशकाहून अधिक काळापूर्वी एक उत्तर देऊन ठेवले आहे, ज्याची चर्चा महाराष्ट्रात जवळपास होत नाही.

‘१०/६६ डिमेन्शिया रिसर्च ग्रुप’ या आंतरराष्ट्रीय गटाच्या नावातच एक विसंगती आहे. स्मृतिभ्रंशाचे सुमारे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत, पण लोकसंख्येवर आधारित संशोधनातील १० टक्क्यांहूनही कमी संशोधन तिथे. या गटाशी जोडलेले गोव्याचे डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांची चाचणी घेतली. ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. घरोघरी जाणारे सल्लागार डॉक्टर नव्हते, थेरपिस्टही नव्हते. प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे होती. त्यांच्या पाठीशी एक समुपदेशक आणि अर्धवेळ मानसोपचारतज्ज्ञ. सहा महिने त्यांनी कुटुंबांना आजार समजावला, आंघोळ-जेवणाच्या अडचणींवर आणि विचित्र वागण्यावर व्यवहारी सल्ला दिला, गरज पडल्यास डॉक्टरांकडे पाठवले, सरकारी योजनांची माहिती दिली.

निकाल? देखभाल करणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले आणि रुग्णाच्या वागण्याने होणारा मनस्ताप कमी झाला. रुग्णाच्या वागण्यात आणि रोजच्या क्षमतेत झालेला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठरण्याइतका नव्हता. हे प्रामाणिकपणे सांगितले गेले, हेही महत्त्वाचे.

गोव्याचा प्रयोग ‘टॅप’ नव्हता. तो मुख्यतः घरच्यांना सावरणारा होता. पण दोन्ही शेजारी ठेवले की एक रचना दिसते. माप घेणे आणि चिठ्ठी लिहिणे हे तज्ज्ञाचे काम. घरोघरी जाऊन ती चिठ्ठी चालते का ते पाहणे, बाईला दहा मिनिटे बोलू देणे, हे प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्तीचे काम. एक तज्ज्ञ अशा रीतीने बऱ्याच घरांना पुरू शकतो.

ओझे कमी होईल की वाढेल?

या विषयावरच्या बहुतेक सल्ल्यांत एक व्यक्ती अदृश्य असते. ‘रुग्णाला गुंतवून ठेवा’, ‘दिनक्रम आखा’, ‘संयम बाळगा’. ही क्रियापदे कुणासाठी आहेत? सकाळी डबे करून, रुग्णाला आंघोळ घालून, कदाचित नोकरी सांभाळून रात्री तीनदा उठणाऱ्या सुनेसाठी. तिला आता आणखी एक काम मिळाले, उपक्रम संयोजक.

उद्योगांची चिठ्ठी घराला देऊन निघून जाणे म्हणजे ओझ्यावर ओझे. अर्धा तास अण्णा नाणी मोजत असताना तिला चहाचा कप घेऊन बसता आले, तरच ती चिठ्ठी उपयोगी. त्याऐवजी त्या अर्ध्या तासाची तयारी, देखरेख आणि आवराआवर यात तिचा तास जाणार असेल, तर तिने ती चिठ्ठी फाडली तरी तिचे चुकले म्हणता येणार नाही. म्हणून उद्योग निवडताना रुग्णाइतकाच तिच्या वेळेचा विचार व्हायला हवा. घरात होणाऱ्याच कामातला तुकडा रुग्णाला द्यावा. धुतलेल्या कपड्यांतले रुमाल, भाजीतल्या शेंगा, पूजेतल्या वाती. नवे साहित्य, नवे वेळापत्रक शक्यतो नको. आणि चार वाजताचा डबा मुलाने, नातवाने उघडला तरी नाणी तशीच वाजतात.

दुसरे ओझे समाजाचे. सासूबाई दारात शेंगा सोलताना दिसल्या की, ‘या वयातही कामाला लावलंय’ हे वाक्य गावभर फिरायला वेळ लागत नाही. आपल्याकडे म्हातारपणी सेवा करणे म्हणजे हातातले काम काढून घेणे. निरोगी वृद्धालाही त्याने आनंद होतोच असे नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाकडून तर त्याची शेवटची ओळखच काढून घेतली जाते. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृत पंडित हत्तीमागे निघून जातात. माहुताच्या बायकोला त्यांची विद्वत्ता माहीत नसते. जे समोर आहे तसे ती त्यांना सांभाळते. मुलीला ते इतके सोपे जात नाही, कारण तिला आधीचे वडील आठवत असतात. अनेक घरांतली ओढाताण हीच आहे.

मोबाइल ॲप चालेल का?

रुग्णासाठी, क्वचित. पडद्यावरचा खेळ हातांच्या जुन्या सवयीला हाक मारत नाही. देखभाल करणाऱ्यांसाठी मात्र उपयोग आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा ‘आय-सपोर्ट’ हा ऑनलाइन प्रशिक्षण कार्यक्रम आहे. त्याचे भारतासाठी रूपांतर करण्याचे काम बंगळूरुच्या निम्हान्समध्ये झाले. अडचण ही की, ज्या बाईला आंघोळीला वेळ नाही ती धडे कधी पाहणार? जुन्या गाण्यांची यादी करून स्पीकरवर लावणे हा फोनचा त्यातल्या त्यात साधा उपयोग.

राज्यात यंत्रणा आहे का?

सुटी सुटी आहे. भारतातील व्यवसायोपचाराचे पहिले विद्यालय १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केले. म्हणजे या शाखेचा देशातला जन्मच महाराष्ट्रातला. तरी ही पदवी घेतलेली व्यक्ती तालुक्याच्या ठिकाणी, सरकारी पगारावर, रुग्णाच्या घरी जाताना दिसत नाही. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. अण्णा दार बडवून पडले आणि खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रियेचे पैसे मिळतील. ते दारापर्यंत जाऊ नयेत म्हणून कुणी घरी आले तर त्याचे नाहीत. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत स्मृतिभ्रंशाचे नाव स्वतंत्रपणे नाही. टेली-मानस (१४४१६) आणि ज्येष्ठांसाठीची एल्डर लाइन (१४५६७) या हेल्पलाइन आहेत. थकलेल्या देखभालकर्त्याने त्यांवर जरूर फोन करावा, पण फोनवरून रुग्णाच्या हातांचे माप घेता येत नाही.

नवीन यंत्रणा उभारण्याआधी एक जुना कागद पाहण्यासारखा आहे. आशा सेविका तिशीवरील प्रत्येकाचा जो तपासणी तक्ता भरतात, ‘सीबॅक’, त्यात साठीवरील व्यक्तींसाठी चार-पाच प्रश्न आहेत. त्यातला एक असा की, जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता तुम्ही विसरता का? म्हणजे मधुमेह-रक्तदाबाच्या फॉर्ममध्येच, घराच्या ओट्यावर बसून, हा प्रश्न आज विचारला जातो. ‘हो’ असे उत्तर आले की पुढे वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवायचे.

तिथून पुढे काय, याची साखळी जोडायला गोव्याइतका खर्च पुरेल. तालुक्याला एक व्यवसायोपचार तज्ज्ञ, त्याच्या हाताखाली मानधनावर दोन-तीन गृहसल्लागार आणि आठवड्यातून एक दिवस जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या डॉक्टरांचा वेळ. हे काम आशांच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर म्हणून टाकता कामा नये. त्यांची रजिस्टरे आधीच पुरेशी झाली आहेत. सुरुवात एक-दोन जिल्ह्यांतून करून, घरच्यांचे किती तास वाचले आणि किती रुग्णांची झोपेची औषधे कमी झाली, एवढ्या दोनच गोष्टी वर्षभर मोजल्या तरी पुढचा निर्णय आकड्यांवर घेता येईल. तोवर ‘सीबॅक’च्या त्या रकान्यात ‘हो’वर खूण होत राहील आणि आशाताई पुढच्या घराकडे निघतील.